लाल झारी

"अरे, ती झारी लाल झालीय बघ," आई मागून म्हणाली.

देवरुखचं बारसं उरकून आम्ही कोल्हापूरला परत येत होतो. साखरपा मागं टाकून आंबा घाटाला लागलेलो. पुढं चिऱ्यांनी भरलेला ट्रक आणि त्याच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही. आई नेहमी मागच्या सीटवर अगदी मधोमध बसते, पुढच्या दोन सीटांच्या फटीतून रस्त्यावर लक्ष ठेवायला. गाडी मी चालवतो, देखरेख तिची असते.

मला आधी कळेचना कसली झारी. मग स्पीडच्या काट्याखालचं ते चित्र दिसलं. बसकी कुपी, तिला लांब तोटी, तोटीच्या टोकाला लोंबणारा एक थेंब. ऑइलचा दिवा. इतकी वर्षं रोज किल्ली फिरवताना तो बघतोय, पण ती झारी आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बायको वाकून बघेपर्यंत दिवा विझलाही. "कुठं काय आहे? उन्हाची तिरीप असेल," ती म्हणाली. आई म्हणाली, चांगली दोन वळणं लाल होती. मी म्हणालो, एकदाच लुकलुकली. एक घटना, तीन साक्षीदार आणि तीन जबान्या.

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा पेटला तर पुढचं गाव, पुढचा पंप असला विचार करायचाच नसतो. गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. हे मला माहीत होतं, तरी मी थांबलो नाही. कारण दिवा विझला होता. विझलेल्या दिव्यासाठी घाटात कोण थांबतं? वर आंब्यात चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली, फडक्यानं पुसली, परत घालून काढली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे. झालं, माझं समाधान झालं. तिथून घरापर्यंत झारी काही पेटली नाही.

गाडी १९९९ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर २०१४ ला पासिंग करून घेतलं, मग दर पाच वर्षांनी. प्रत्येक वेळी पर्यावरण कर भरताना बायको विचारते, "आता पुरे की." मी म्हणतो, "हे शेवटचं." असं तीनदा झालंय.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या साक्षी टाइप करतोय. उलटतपासणीत माणूस कुठं घसरतो ते मला पाठ झालंय. "केव्हा पाहिलंत?" "संध्याकाळी." "संध्याकाळी म्हणजे किती वाजता? दिवे लागले होते? तुम्ही किती अंतरावर होतात?" इथं साक्षीदार घाम पुसायला लागतो. मनातल्या मनात मी अशा लोकांना हसलोय, कबूल करतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा पहिल्या गॅरेजात मी काय सांगितलं? "कधीही पेटतो हो. मधनंच. परत विझतो."

त्या पोरानं गाडी चालू केली, दहा मिनिटं तशीच उभी ठेवली, रेस केली, सोडली. दिवा पेटला नाही. कोर्टाच्या भाषेत साक्षीदार फितूर झाला. दुसरं काय करणार, त्यानं ऑइल प्रेशरचा स्विच बदलून दिला.

स्विच बदलणं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं, म्हणून त्याची करामत सांगतो. हा दिवा तेल किती आहे ते सांगतच नाही, तेलाला दाब आहे का एवढंच सांगतो. इंजिनाच्या अंगात अंगठ्याएवढा एक स्विच आटे देऊन बसवलेला असतो. त्यात एक पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला दिव्याची एकुलती एक वायर. दाब नसला की आतला जोड लागलेला राहतो, वायरला अर्थिंग मिळतं आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू झालं की पंप तेल ढकलतो, पडदा उचलला जातो, जोड सुटतो, दिवा विझतो. साधारण पाच पौंडांच्या आसपास त्याची सीमारेषा असते. चार पौंड आणि शून्य त्याला सारखेच, सहा आणि साठही सारखेच. फक्त हो किंवा नाही म्हणणारा साक्षीदार. पूर्वी गाड्यांना दाबाचा काटा असायचा. अमेरिकेत हडसन कंपनीनं १९३० च्या दशकात काट्याच्या जागी दिवा आणला, आणि असल्या दिव्यांना तिकडं नाव पडलं ‘इडियट लाइट’, म्हणजे ठोंब्याचा दिवा. नाव दिव्याला असलं तरी रोख ड्रायव्हरवर आहे.

आमच्या आजोबांच्या बैलगाडीला दिवाही नव्हता आणि काटाही नव्हता. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबायचं. कणा कोरडा पडला की चाक असं केकाटायचं की वेशीपर्यंत ऐकू जावं. तिथं साक्षीपुराव्याची भानगडच नव्हती.

नवा स्विच बसल्यावर पंधरा-वीस दिवस सगळं शांत. मी त्या पोराचं चार जणांत कौतुकही केलं. पण ते पंधरा-वीस दिवस गाडी फक्त घर ते कोर्ट आणि कोर्ट ते घर फिरली होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. मग एका रविवारी जोतिबाला निघालो आणि डोंगर चढताना झारी पुन्हा लाल. यावेळी बायकोनंही बघितली, त्यामुळं निदान उन्हाची तिरीप निकालात निघाली.

मग इलेक्ट्रिशियन. त्यानं वायर शोधत शोधत हात खाली घातला आणि विजयी मुद्रेनं मला बोलावलं. एका पत्र्याच्या कडेला घासून वायरचं वरचं आवरण खरोखर गेलं होतं, तांबं चमकत होतं. उघडी वायर बॉडीला टेकली की दिवा पेटणारच, दाब असो वा नसो. मी खूश. परिस्थितीजन्य पुरावा इतका देखणा होता की शंका घ्यायची इच्छाच होईना. त्यानं टेप गुंडाळली, वर नळी चढवली. पुढच्या चढाला झारी लाल.

तिसऱ्या गॅरेजातला माणूस वयस्कर होता, त्यानं दिलेला सल्ला मी विसरणार नाही. "वायरच काढून टाकतो साहेब. कटकटच मिटली." मला वाटलं गंमत करतोय. तो गंभीर होता. वायर काढली की दिवा कायमचा गप्प. जुनी गाडी विकताना काही लोक हेच करतात म्हणे. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात तर इंजिन सुरू करायच्या आधी किल्ली एक खटका फिरवा आणि झारी लाल होते का ते बघा. तिथं ती पेटलीच पाहिजे. पेटत नसेल तर बल्ब गेलाय, नाहीतर कुणीतरी साक्षीदाराचं तोंड बांधलंय.

वायर मी काढू दिली नाही. त्याच माणसानं मग दुसरा उपाय सुचवला तो मात्र मानला. "गाडीचं वय झालंय. बेअरिंगं ढिली झाली की तेल भसाभस निसटतं, दाब राहत नाही. जाड तेल घाला." यातही तथ्य आहे. जुन्या इंजिनात तेल तापून पातळ झालं की दाब पडतो, आणि सिग्नलला गाडी उभी असताना दिवा लुकलुकतो. २०डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० आलं. पैसे देऊन निघालो. आणि आठवड्यात झारी पूर्वीपेक्षा जास्त पेटायला लागली.

याच सुमारास आईचं चक्करचं सुरू होतं. तिचंही असंच. घरात देवघरापासून उठताना भिंत धरायची आणि डॉक्टरांपुढं गेली की, "छे, छान आहे की मी." बी.पी. उत्तम, नाडी उत्तम. शेवटी डॉक्टरांनी चोवीस तास छातीला लावून ठेवायचं ते होल्टर यंत्र दिलं आणि सोबत एक वही ठेवायला सांगितली. चक्कर कधी आली, तेव्हा काय करत होतात, आधी काय खाल्लं होतं. तिच्याकडून मी ते लिहून घेत होतो. तिचं प्रकरण गोळीची वेळ बदलून आणि ताडकन न उठण्यावर मिटलं. पण त्या दोन दिवसांत मला स्वतःचीच लाज वाटली. त्याच वहीच्या मागच्या बाजूनं मी गाडीची नोंद सुरू केली.

वहीचं मागचं पान अजून आहे माझ्याकडं. एक-दोन ओळी जशाच्या तशा देतो.

"शनिवार. दसरा चौक ते कावळा नाका, तुडुंब ट्रॅफिक, ४० मि. एसी चालू. इंजिन तापलेलं. सिग्नलला आठ वेळा थांबलो. पेटला नाही."

"रविवार. जोतिबा. पायथ्याला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये साधारण सहा मि. चढल्यावर पेटला. अॅक्सिलरेटर सोडल्यावर विझला. वर दहा मि. गाडी बंद. परत चालू केल्यावर ठीक."

"सोमवार सकाळ, गार इंजिन. चालू केल्यावर विझायला चार सेकंद. पूर्वी लगेच विझायचा. (जाड तेलानंतर?)"

अशी दीड महिन्याची नोंद झाली. तेवढ्या काळात चढाची गरज नसताना चढ शोधत फिरलो, हे आईला सांगितलेलं नाही. आणि दिवा पेटत असताना मुद्दाम गाडी दामटणं हा शुद्ध जुगार होता, तो कुणी करू नये.

वही घेऊन उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं गेलो. पत्र्याची शेड, बाहेर बोर्डसुद्धा नाही. मिस्त्री साठीचे, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. मी सवयीनं "कधीही पेटतो" असं सुरू करणार होतो, तेवढ्यात त्यांनीच पहिला प्रश्न टाकला.

"रेस केल्यावर विझतोय का रेस केल्यावर पेटतोय?"

इतक्या गॅरेजांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मीही सांगितलं नव्हतं.

"रेसवर पेटतो. बराच वेळ रेसवर ठेवली की."

"आणि स्लोवर?"

"स्लोवर कधीच नाही."

"बगा की. बेअरिंग गेलं असतं तर स्लोवर पेटला असता. स्लोवर पंप हळू फिरतोय, तवा दाब कमी. रेसवर वाढायला पायजे. तुमचं उलटं हाय." मग वहीवरून त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि जाड तेलाच्या ओळीवर थांबलं. "जाड तेलानं वाढलं?"

"हो."

चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला. "उसाचा रस पितोय न्हवं आपण नळीनं? नळीच्या तोंडाला चोथा आला की काय हुतंय? हळू ओढलं तर येतोय. जोरात ओढलं की चोथा चिकटतोय, रस बंद. सोडलं की चोथा पडतोय. आता रसाच्या जागी काकवी ओढा. तुमचं तेल ढकलताना अडंना, ओढताना अडतंय."

नुसत्या तर्कावर इंजिन खोलायला मात्र ते तयार नव्हते. मला ते फार आवडलं. ऑइल स्विच काढून त्या जागी त्यांनी पितळेचा टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवला. एका तोंडाला परत स्विच, दुसऱ्या तोंडाला रबरी नळी. नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढली आणि तिच्या टोकाचा गोल काटा सुतळीनं वायपरला बांधला, तोंड आमच्याकडं करून. अशी वरात घेऊन आम्ही पन्हाळ्याला निघालो. रस्त्यात दोन मोटारसायकलवाल्यांनी शेजारी येऊन विचारलं, हे काय बसवलंय?

गार इंजिनाला काटा ५५ पौंड. शहर मागं पडलं, इंजिन तापलं, स्लोवर १८. मिस्त्री म्हणाले, एवढ्या वयाच्या गाडीला १८ म्हणजे चांगलंच की. सपाटीला ५० च्या आसपास. वाघबीळच्या पुढं खरा चढ लागला. मी दुसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवली. ५०. ४८. मग काटा थरथरायला लागला, वाऱ्यात निरांजनाची वात हलावी तसा. ४०, २५, परत ३५, आणि मग एकदम खाली. त्याच क्षणी माझ्यासमोर झारी लाल.

"बंद!" मिस्त्रींनी स्वतःच हात घालून किल्ली फिरवली.

रस्त्याच्या कडेला उभं राहिलो. गरम तेलाचा वास आणि इंजिन थंड होतानाची टिकटिक. माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला होता, पण आनंदानं. चार महिन्यांत पहिल्यांदा आरोपी आणि साक्षीदार एकाच वेळी एकाच कोर्टात उभे होते आणि बघायला तिसरा माणूस हजर होता. दहा मिनिटांनी गाडी चालू केली. काटा सरळ ५० वर. "पडला चोथा," मिस्त्री म्हणाले.

नंतर हे सगळं वाचताना एक गोष्ट सापडली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये टॉवर आडनावाचा एक इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडायला त्यानं भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी तिथून वर येऊन सांडायला लागलं. त्यानं भोकाला बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर. मग त्यानं तिथं दाबाचा काटा बसवला, तो २०० पौंडांच्या पार गेला. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मधे पाचरीसारखं दडपतो आणि सगळा भार त्या तेलावर तरंगतो, हे तेव्हा कळलं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. म्हणजे आपल्या इंजिनात क्रँक, म्हणजे मुख्य फिरता दांडा, आणि त्याचं बेअरिंग हे चालताना एकमेकांना शिवतच नाहीत. मधे केसाच्या जाडीहून पातळ तेलाचा थर, आणि त्या थरावर मिनिटाला तीन हजार, म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे. पंपाचं काम एवढंच की तो थर तुटू न देणं. पुरवठा थांबला की धातूला धातू लागतो, आणि इंजिन बसायला मग फार वेळ लागत नाही. आंब्याच्या घाटात मी ज्या लुकलुकीला तिरीप म्हणवून घेतलं होतं, तिच्या मागं एवढं सगळं होतं. मला सगळ्यात जास्त आवडलं ते काय, तर भोकाला बूच मारून न भागल्यावर टॉवरनंही शेवटी तिथं काटाच लावला.

दुसऱ्या दिवशी पंचनामा. गाडी वर घेतली, तेल सोडलं, चेंबर उतरवला. इंजिनाच्या पोटाखालच्या तेलाच्या पत्र्याच्या कुंडाला आमच्याकडं चेंबर म्हणतात. त्यात बुडालेली पंपाची जाळी. चहाच्या गाळणीएवढी, गोल. मिस्त्रींनी टॉर्च मारला आणि नुसतं "या" म्हणाले.

चेंबरच्या तळाशी आणि जाळीवर काळ्या रबरी वळ्या पडल्या होत्या, आईनं पाटावर केलेल्या शेवया तुटाव्यात तशा. काही नखाएवढ्या, एक चांगली करंगळीएवढी. एक उचलून मी दाबली. मऊ होती, बोटाला चिकटत नव्हती. गाळ नव्हता तो, कार्बनही नव्हता.

"सिलिकॉन," मिस्त्री म्हणाले. "चेंबर कुणी बसवला होता अलीकडं?"

मला आठवलं. आठ महिन्यांपूर्वी चेंबरच्या पॅकिंगमधून तेल ठिपकत होतं. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नव्या फरशा बसल्यापासून माझ्या ठिपक्यांवर दोन बैठका झाल्या होत्या. म्हणून घाईघाईनं एका गॅरेजात पॅकिंग बदलून घेतलं. ट्यूबमधलं काळं सिलिकॉन तो पोरगा पातळसं लावत होता. आणि त्याच्या शेजारी उभा राहून मी म्हणालो होतो, शब्द मला स्वच्छ आठवतात, "जरा सढळ हातानं लाव बाबा. परत ठिपका दिसायला नको."

मिस्त्रींना हे सांगावं की नाही, मी क्षणभर विचार केला. सांगितलं. ते हसले नाहीत. चेंबरची कड अंगठ्यानं चोळत म्हणाले, "बाहीर जेवढं दाबून येतंय तेवढंच आत बी येतंय. बाहीरचं दिसतंय म्हणून पुसतोय आपण. आतलं कोण पुसणार?"

जाळी पेट्रोलनं धुतली, हवा मारली. सावधगिरी म्हणून बेअरिंगची एक कॅप खोलून बघितली. आतल्या शेलवर, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीवर, दोन बारीक रेघा होत्या, नखाला लागतील न लागतील अशा. "चालतंय," म्हणाले. नवं पॅकिंग, कडेला सिलिकॉनची सुतासारखी एक रेघ, नवं फिल्टर आणि परत जुनंच २०डब्ल्यू-४०. आधीच्या सगळ्या उपायांसकट हिशोब सहा हजारांच्या वर गेला. त्यात मिस्त्रींचे सगळ्यात कमी.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. जाळी म्हणजे काय, ती कशी तुंबली. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"म्हणजे झारीतला शुक्राचार्यच की रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, मान वर न करता, "आणि डोळा कुणाचा फुटला?"

"माझा."

"आत बसवला पण तूच ना?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या वळ्या मी पुसून एका हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवल्यात. डबीवर सवयीनं चिठ्ठी चिकटवली, ‘मुद्देमाल’, खाली तारीख. ती गाडीच्या कप्प्यात पी.यू.सी.च्या कागदाशेजारी असते.

गेल्या महिन्यात पुन्हा देवरुखला गेलो होतो. येताना साखरप्यापासून चढ सुरू झाला, पुढं परत एक चिऱ्यांचा ट्रक. आई मधोमध, फटीत. मी काही विचारलेलं नव्हतं, पण आंब्यापर्यंत दर वळणाला ती मागून सांगत होती, "विझलेलीच आहे."